आखाड्यावरच्या घराला प्रेशर टाकी कशी बसवावी

शेतात घर बांधून राहायला गेलं की वर्षाच्या आत एक तक्रार ठरलेली असते. नळ आहे, पाणी आहे, पण पाण्याला जोर नाही. शॉवर नुसता गळतो. गॅस गिझर पेटतच नाही, कारण त्याला पेटायलाच ठरावीक दाब लागतो. वॉशिंग मशीन पाणी भरण्यातच अर्धा तास घालवतं. गावातल्या दोन मजली घराला हा त्रास जाणवत नाही, तिथं टाकी वर स्लॅबवर असते. आखाड्यावरचं घर बहुतेक बैठं. वर पत्रे, नाहीतर जुनं माळवद (लाकडावर मातीचं सपाट छत).

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो टाकी उंच चढवायचा. त्याचा हिशेब आधी करून पाहू. पाण्याची पातळी नळापेक्षा १० मीटर, म्हणजे ३३ फूट वर असेल तेव्हा नळाला १ किलो दाब मिळतो. (ठिबकवाले म्हणतात तो हा किलो, म्हणजे किलो प्रति चौरस सेंटिमीटर. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय.) पत्र्याच्या उंचीवर ठेवलेली टाकी नळापेक्षा सहा-सात फूटच वर असते, म्हणजे हाती येतो ०.२ किलो. त्यात १००० लिटरची टाकी भरली की एक टन वजन. १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-धाराशिवकडची दगडमातीची, जड माळवदाची घरं कशी बसली हे इकडच्या माणसाला सांगायला नको. जुन्या छतावर एक टन वजन टाकायचा विचारही करू नये. लोखंडी मनोरा उभारायचा तर काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागतो. करणारे करतात, पण २५-३० फुटी मनोऱ्याचा खर्च आणि छोटी मोटार-प्रेशर टाकीचा खर्च यांची तुलनाच नाही.

तेव्हा प्रेशर टाकी. मात्र ती आणण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे: ही टाकी पाणी साठवायची नाही. ती मोटारीसाठी असते.

आत काय चालतं

बाहेरून लोखंडी पिंप, आत फुटबॉलच्या ब्लॅडरसारखी रबरी पिशवी. पिशवीत पाणी, आणि पिशवी व पत्रा यांच्यामधल्या जागेत दाबानं भरलेली हवा. मोटार पाणी आत ढकलते तशी हवा दबते. ठरलेल्या दाबाला प्रेशर स्विच मोटार बंद करतो. मग तुम्ही नळ उघडला की दबलेली हवा पाणी बाहेर ढकलते, मोटार बंदच राहते. दाब उतरत खालच्या आकड्यावर आला की स्विच मोटार पुन्हा चालू करतो.

बहुतेक स्विच कारखान्यातून १.४ आणि २.८ किलोवर लावून येतात. म्हणजे १.४ ला मोटार चालू, २.८ ला बंद. या दोन आकड्यांच्या मध्ये टाकी जेवढं पाणी देते तेवढंच तिचं खरं पाणी, आणि ते टाकीच्या आकारमानाच्या साधारण तिसरा हिस्सा भरतं. १०० लिटरच्या टाकीतून मोटार सुरू न होता ३४ लिटर मिळतं, २४ लिटरच्या टाकीतून फक्त ८. दुकानात 'शंभर लिटरची टाकी' ऐकून लाईट गेल्यावर शंभर लिटर मिळतील असं धरून चालू नका. एक बादली मिळेल, फार तर दोन.

मग टाकी लावायचीच कशाला? ती नसेल तर कोणी हात धुवायला नळ उघडला की मोटार चालू, बंद केला की बंद, दिवसात शे-दोनशे वेळा. प्रत्येक वेळी सुरू होताना मोटार चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते. वाइंडिंग, कपॅसिटर, स्विचचे पॉइंट, सगळं यातच जळतं.

आधी साठा, मग दाब

बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओत बोअरची मोटार सरळ प्रेशर टाकीला जोडलेली दिसते. तिकडं चोवीस तास लाईट असते आणि बोअरला पाणीही बारमाही असतं. मराठवाड्यात तसं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याला कारणं तीन.

एक, शेतीच्या फीडरवर थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. बोअरची मोटार त्या पाळीतच चालणार. दोन, आपल्याखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्यात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात असतं, सलग कुठंच नसतं. मार्चनंतर कित्येक बोअर अर्धा तास चालून गुळण्या टाकतात, मग तासभर थांबवावे लागतात. असा बोअर प्रेशर स्विचच्या हवाली केला तर पाणी नसतानाही स्विच मोटार चालूच ठेवणार, कारण त्याला फक्त दाब कळतो, पाणी आहे की नाही ते कळत नाही. तिसरं, सौर कृषी पंप बसवलेला असेल तर त्याचा कंट्रोलर वेगळा असतो. त्यात आपला स्विच घालून वॉरंटीचं वाटोळं करून घेऊ नये.

म्हणून रचना अशी धरा. बोअर किंवा विहिरीची मोटार तिच्या पाळीत जमिनीवरची साठवण टाकी भरते. त्या टाकीजवळ सिंगल फेजची छोटी मोटार, तिच्यापुढं प्रेशर टाकी, आणि तिथून घर. बोअरचा आणि घराच्या दाबाचा संबंध तुटला की अर्धी डोकेदुखी संपते.

साठवण किती लिटरची? जल जीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे. शॉवर आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात शंभर धरा. सहा माणसांचे ६००, आणि दावणीला दोन म्हशी नि बैलजोडी असेल तर उन्हाळ्यात त्यांचे आणखी दोन-अडीचशे. लाईटची पाळी चुकली, ट्रान्सफॉर्मर जळला तर दोन-तीन दिवस सहज जातात. त्या हिशेबानं २००० लिटर ही कमीत कमी पातळी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागात राहून ५०० लिटरच्या टाकीवर भागवण्यात शहाणपण नाही.

ही टाकी तीन फूट उंच दगडी किंवा विटांच्या ओट्यावर ठेवा. त्यानं दोन कामं साधतात. छोट्या मोटारीला पाणी आपोआप मिळतं, ओढावं लागत नाही. आणि लाईट नसताना बाहेरचा एक नळ आणि जनावरांचा हौद नुसत्या उतारानं चालतो. हौद कधीही प्रेशरच्या लाईनवर घेऊ नका. त्याला साठवण टाकीतून थेट लाईन आणि तोंडाशी बॉल कॉक पुरतो. जनावराला शॉवर लागत नाही.

बोअरचं पाणी साठवण टाकीत पडतं त्या तोंडाशी ठिबकचा जुना डिस्क किंवा जाळीचा फिल्टर लावा. बहुतेकांच्या शेडमध्ये तो पडलेला असतोच. वाळूचा कण मोटारीपुढच्या व्हॉल्व्हमध्ये अडकला तर काय होतं ते पुढं येईलच. छोट्या मोटारीच्या ओढीच्या बाजूला मात्र फिल्टर नको. तो तुंबला की मोटार कोरडी पडते.

सामान आणताना

मोटार अर्ध्या एचपीची, सेल्फ प्रायमिंग (पाईपातली हवा स्वतः काढून पाणी ओढणारी), एका बैठ्या घराला पुरे. दुकानदार एचपी सांगेल, तुम्ही प्लेटवरचा 'हेड' पाहा, म्हणजे मोटार पाणी किती मीटर उंच चढवते तो आकडा. २.८ किलोला मोटार बंद व्हायची तर तिला २८ मीटरपर्यंत दाब चढवता आला पाहिजे, आणि कमाल हेडच्या टोकाशी मोटार नुसती तापते. म्हणून कमाल हेड ३५ मीटरच्या आसपास किंवा वर हवा. २५ मीटर हेडची मोटार आणून २.८ चा स्विच लावला तर मोटार बंदच होत नाही, रात्रभर गुरगुरत राहते. नवीन लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, आणि दोष मात्र टाकीला दिला जातो. तशी मोटार आधीच घरात असेल तर स्विच १ आणि २ किलोवर उतरवून घ्या. बैठ्या घराला तेवढंही चालतं.

टाकी किती लिटरची, हे मोटारीवर ठरतं. एकदा सुरू झालेली मोटार निदान मिनिटभर तरी चालावी, हा नियम. समजा तुमची मोटार कामाच्या दाबाला मिनिटाला २० लिटर देते. मग टाकीनं एका खेपेला २० लिटर घ्यायला हवं, म्हणजे टाकी ६० लिटरची. मोटारीबरोबर जोडूनच मिळणारी २४ लिटरची टाकी लहान फ्लॅटला ठीक, पण तिथं मोटार पंचवीस सेकंदांत बंद होते. मला विचाराल तर ६० च्या खाली जाऊ नका. बजेट असेल तर १००.

मोटारीच्या डोक्यावर बसणारे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरही मिळतात, टाकीशिवाय चालणारे. दिसायला सुटसुटीत असतात. पण आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारात त्यातलं सर्किट कधी जाईल सांगता येत नाही, आणि ते गेलं तर गावात दुरुस्त होत नाही. स्प्रिंगचा स्विच पान्यानं उघडून दुरुस्त होतो.

बाकीचं सामान: पितळी पंचमुखी जोड (यात पाण्याची आवक, जावक, टाकी, स्विच आणि गेज अशी पाच तोंडं असतात), प्रेशर स्विच, ० ते ७ किलोचं गेज, एक इंची पितळी एनआरव्ही (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), दोन-तीन बॉल व्हॉल्व्ह, मोटारीच्या दोन्ही बाजूंना युनियन (हातानं उघडता येणारा जोड), टाकीला जोडायला विणलेला स्टीलचा होज, एक सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की पाणी बाहेर सोडणारा), फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच), टेफ्लॉन टेप. युनियनवर पैसे वाचवू नका. मोटार काढायची वेळ आली की पाईप कापायचा का दोन चाकं फिरवून मोटार बाजूला घ्यायची, एवढाच प्रश्न उरतो.

पाईप दाबाच्या बाजूला सीपीव्हीसी किंवा शेड्यूल ८० चा यूपीव्हीसी. शेतात उरलेला चार किलोचा पाईप इथं वापरायचा मोह होतो. कागदावर चार किलो २.८ पेक्षा जास्तच आहे. पण तो आकडा २७ अंश तापमानाचा असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर जातो, उन्हातला पाईप त्याहून तापतो, आणि तापलेल्या पीव्हीसीची ताकद कमी होते. वर नळ झटकन बंद केला की लाईनमध्ये दणका बसतो तो वेगळाच.

जागा

सावली, सपाट ओटा, आणि पाना फिरवायला हाताला जागा. टाकीचं रबर आणि मोटार दोन्ही उन्हानं खराब होतात. काळ्या मातीवर फरशी टाकून टाकी ठेवली तर पहिल्या पावसाळ्यातच फरशी कलते आणि जोडावर ताण येतो. दीड-दोन फूट माती काढा, मुरूम भरून पाणी मारून ठोका, त्यावर सिमेंटचा ओटा करा, जमिनीपासून निदान सहा इंच वर. मोटार आणि टाकीचे पाय बोल्टनं कसा. मोटारीखाली जुन्या टायरचा तुकडा टाकला तर भिंतीत घुमणारा आवाज कमी होतो.

मोटार साठवण टाकीच्या अगदी जवळ ठेवा. लांब पाईप ढकलायच्या बाजूला चालतो, ओढायच्या बाजूला नको.

जोडणीचा क्रम

साठवण टाकीच्या बुडाशी बॉल व्हॉल्व्ह, मग युनियन, मग मोटार. मोटारीपुढं दुसरी युनियन, लगेच एनआरव्ही. त्यावरचा बाण घराकडं असला पाहिजे. उलटा बसलेला एनआरव्ही पाणी सोडतच नाही आणि मिस्त्री तासभर मोटार तपासत बसतो. एनआरव्हीनंतर पंचमुखी, त्याच्या एका तोंडाला होजनं टाकी, दोन बारीक तोंडांना स्विच आणि गेज. मग सेफ्टी व्हॉल्व्हची टी, मग घराचा मुख्य बॉल व्हॉल्व्ह. टाकीशेजारी सगळ्यात खालच्या जागी एक साधा नळ ठेवा, टाकी रिकामी करायला तो लागतो.

एक नियम मोडायचा नाही. मोटार, स्विच आणि टाकी या तिघांमध्ये बंद करता येईल असा कुठलाही व्हॉल्व्ह नको. तो कुणी चुकून बंद केला की स्विचला दाब कळत नाही आणि मोटार बंद पाईपावर जोर लावत बसते. एनआरव्ही चालतो, कारण तो पुढं जाणाऱ्या पाण्याला अडवत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह याच दिवसासाठी आहे. तो साधारण ४ किलोवर लावा आणि टाकीच्या प्लेटवरचा कमाल दाब त्याहून जास्त आहे ना, ते पाहून घ्या.

पितळी आट्यांवर टेफ्लॉन घट्ट गुंडाळा, फिटिंग फिरवायच्याच दिशेनं, दहा-बारा वेढे. प्लास्टिकच्या आट्यात पितळ पान्यानं कसू नका. आज पाणी धरतं, आठवड्यानं बारीक तडा जातो. आतून पितळी आटे असलेलीच फिटिंग घ्या. सोल्युशन लावलेल्या जोडाला दाब देण्याआधी एक दिवस सुकू द्या. संध्याकाळपर्यंत पाणी पाहिजे म्हणून घरातले घाई करतीलच.

हवा: सगळी किमया इथं आहे

"दादा, हवा कंपनीतूनच भरून येते, तिला हात लावायचं काम नाही," असं बसवणारा म्हणेल. हवा भरून येते हे खरं. पण ती तुमच्या स्विचच्या आकड्याला जुळते का, हे कंपनीला माहीत नसतं, आणि गोदामात पडून पडून ती कमीही होते.

नियम सोपा आहे. मोटार ज्या दाबाला चालू होते त्यापेक्षा २ पीएसआय कमी हवा. स्विच १.४ किलोला, म्हणजे २० पीएसआयला चालू होत असेल तर हवा १८ पीएसआय. १ किलोवर चालू होत असेल तर १२. टाकीच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपीखाली मोटारसायकलच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. पंक्चरच्या दुकानातलं गेज आणि सायकलचा पायपंप, एवढ्यावर काम होतं. हवा जास्त भरली तर मोटार चालू व्हायच्या आधीच टाकी रिकामी होते आणि नळ क्षणभर दम खातो. कमी असेल तर पिशवी फुगून पत्र्याला घासते आणि लवकर फाटते.

हवा मोजायची ती टाकीत पाणी नसतानाच. मोटार बंद, टाकीजवळचा नळ उघडा, पाणी थांबेपर्यंत वाट पाहा, मग गेज लावा. पाणी भरलेल्या टाकीची हवा मोजली तर गेज पाण्याचाच दाब दाखवतं. आणि हे काम सकाळी करा. दुपारी तापलेल्या टाकीत हवा फुगलेली असते. तेव्हा १८ भरली तर पहाटे ती १५-१६ वर आलेली असते.

वायरिंग

हे वायरमनकडूनच करून घ्या, पण काय मागायचं ते तुम्हाला ठाऊक असू द्या. मोटारीला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाईट तोडणारा स्विच). ओल्या ओट्यावर, अनवाणी माणसं वावरतात तिथं आरसीसीबी नसणं म्हणजे जिवाशी खेळ. अर्थिंगचा खड्डा मुरमात असेल तर उन्हाळ्यात तो खडखडीत वाळतो, आठवड्याला त्यात बादलीभर पाणी ओता.

अर्ध्या एचपीच्या मोटारीचा करंट प्रेशर स्विचमधून थेट जाऊ शकतो, स्विचवर लिहिलेले अँपिअर तेवढे पाहून घ्या. मोठी किंवा थ्री फेज मोटार असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर (मोटारीचा जड करंट स्वतःवर घेणारा स्विच) लागतो.

फ्लोट स्विच साठवण टाकीत सोडा आणि तो प्रेशर स्विचशी सीरिजमध्ये जोडा. साठवण टाकी रिकामी झाली की मोटारीची लाईट तुटली पाहिजे. बोअर आटलेल्या एप्रिलमध्ये मोटार वाचते ती या एका वायरमुळं. अर्धा एचपी मोटार घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर घेऊ नका. सुरू होतानाचा झटका त्याला सहसा झेपत नाही. त्या वेळेसाठी ओट्यावरच्या टाकीचा उताराचा नळ आहेच.

पहिल्यांदा चालू करताना

मोटारीच्या वरचा बूच काढून आत पाणी भरा. घरातला सगळ्यात लांबचा नळ उघडा ठेवा. मोटार चालू करा, नळातून फुसफुस हवा येईल, मग सलग धार. आता नळ बंद करा आणि गेजपाशी उभे राहा.

काटा शून्यावरून एकदम उडी मारतो आणि साधारण सव्वा किलोपाशी येऊन जणू अडकतो. तिथून पुढं सावकाश सरकतो. ती उडी म्हणजे पाईप भरणं, आणि जिथून काटा संथ झाला तो आकडा म्हणजे तुमच्या टाकीतली हवा. पाणी त्या आकड्यानंतरच पिशवीत शिरायला लागतं. उतरतानाही हेच. मोटारीची लाईट बंद करून नळ बारीक सोडा. काटा २.८ वरून संथपणे खाली येतो आणि १.२५ च्या आसपास आल्यावर धपकन शून्यावर पडतो. जिथून पडला तो हवेचा दाब. टायरचं गेज हाताशी नसलं तरी ही परीक्षा कधीही करता येते. काटा कुठंच अडकत नसेल, २.८ वरून सरळ शून्यावर कोसळत असेल, तर टाकीत हवा नाही किंवा पिशवी गेली.

आकडे बदलायचे असतील तर एमसीबी पाडून स्विचचं झाकण काढा. बहुतेकांत दोन स्प्रिंग असतात. मोठीचा नट आवळला की चालू आणि बंद दोन्ही आकडे वर जातात. छोटीचा आवळला की फक्त बंदचा आकडा वर जातो, दोघांतलं अंतर वाढतं. एका वेळी अर्धा आटा फिरवा, झाकण लावा, मोटार चालवून गेज पाहा. आणि चालूचा आकडा बदललात तर टाकीतली हवाही त्याप्रमाणं बदलायची आहे, हे विसरू नका.

जुन्या घरात पहिल्या दिवशी दोन-तीन नळ गळायला लागतील. आजवर त्यांना दाबच नव्हता, वॉशर कधीच झिजलेले होते. संडासाच्या फ्लशचा बॉल व्हॉल्व्हही बघा.

बिघडलं तर कुठं पाहायचं

मोटार टकटक चालू-बंद होत असेल तर आधी हवेच्या व्हॉल्व्हची पिन नखानं दाबा. हवा आली तर ती मोजा, कमी असेल तर भरा. पाणी आलं तर पिशवी फाटली. बऱ्याच टाक्यांची पिशवी वेगळी मिळते, तोंडाशी असलेल्या गोल चकतीचे बोल्ट काढून ती बदलता येते. घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, त्या मापाची पिशवी मिळते का.

नळ सगळे बंद, तरी रात्री मोटार मधेच सुरू होते? मोटारीचा एमसीबी पाडा, घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि गेज बघा. काटा थांबला तर गळती घरात आहे. तरीही उतरत राहिला तर पाणी एनआरव्हीतून मागं साठवण टाकीत जातंय. त्यात बहुधा क्षाराची खपली किंवा वाळूचा कण अडकलेला असतो, युनियन उघडून धुतलं की सुटतं.

मोटार बंदच होत नसेल तर गळती, कमी हेडची मोटार किंवा कमी व्होल्टेज. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी लोड असताना हे होत असेल आणि सकाळी होत नसेल तर व्होल्टेजच.

मोटार सुरूच होत नाही, लाईट आहे आणि गेज शून्यावर, तेव्हा स्विच उघडा (एमसीबी पाडून). पॉइंट काळे पडलेले दिसतील, कधी त्यात मुंग्या चिरडलेल्या असतात. ऊब असते, त्या आत घर करतात, कधी पालही सापडते. पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं पुसा आणि वायर आत जाते ते भोक रबरी बुशनं बंद करा. मोटार चालू, पण स्विच दाबाला दादच देत नाही, असं असेल तर स्विचखालची बारीक नळी क्षारानं तुंबलेली असते. सुईनं किंवा बारीक तारेनं मोकळी करा. आपल्याकडच्या जड पाण्यात हे काम वर्षाकाठी एकदा निघतंच. जालन्याकडं बोअरचं पाणी वापरणाऱ्या काही घरांत तर गेजच असं अडकतं की काटा कायम २ वर दिसतो. मोटार बंद करून नळ उघडला तरी तो शून्यावर आला नाही तर गेज बदला, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

दाबानं पाणी आलं म्हणजे ते पिण्याजोगं झालं असं नाही. बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको. नांदेड, बीडच्या काही गावांत ते त्याहून जास्त सापडलेलं आहे, आणि ते चवीला कळत नाही.

हवा वर्षातून दोनदा तपासायची: मृग लागायच्या आधी आणि दिवाळीनंतर. त्याच दिवशी टाकी पूर्ण रिकामी करून खालच्या नळातून गाळ काढा, सेफ्टी व्हॉल्व्हची कडी एकदा ओढून तो मोकळा आहे ना बघा, आणि मोटार किती सेकंद चालते ते घड्याळ लावून भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो आकडा निम्म्यावर आला असेल तर हवेकडं पाहा.